झाकली मूठ

जानेवारीत जबलपुरात मटार इतके स्वस्त होतात की लोक पोत्याने घेतात. आमच्याकडेही एक पोतं येतं आणि आई दुपारभर परात पुढ्यात घेऊन शेंगा सोलत बसते. गेल्या जानेवारीत अशाच एका दुपारी ती आतल्या खोलीत बसली होती. बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर एक विशीतली मुलगी बसली होती. फोन टेबलावर ठेवून ती विचारत होती, "काका, रेकॉर्डिंग सुरू करू?"

मुलगी इथलीच, मराठी घरातली. तिचे आजोबा आणि माझे वडील गन कॅरेज फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये होते. तिची मराठी आम्हा सगळ्या जबलपूरकरांसारखी, क्रियापदं मराठी आणि बाकी हिंदी. कॉलेजच्या कसल्याशा प्रोजेक्टसाठी तिला 'पूर्वीचे लोक' हवे होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पूर्वीचा झालो, हे मला त्या दिवशी कळलं. काही वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या गे पार्ट्यांवर, त्या शनिवार रात्रींवर इंग्रजीत एक छोटा लेख लिहिला होता. तो तिने शोधून काढला होता. तिचा प्रश्न साधा होता. त्या लेखात लिहिलंय तेवढंच, की आणखी काही आहे?

मी म्हटलं, "तेवढंच. बाकी काही खास आठवत नाही."

हे खोटं होतं. मला सगळं आठवतं. खोटं बोलायचं एक कारण भिंतीपलीकडे मटार सोलत होतं. पण आई घरी नसती तरी मी हेच उत्तर दिलं असतं, असं मला नंतर वाटत राहिलं. मग दुसरं कारण काय? ते काही दिवस शोधत होतो, म्हणून हा लेख.

आधी थोडं कुठून कुठे. जबलपूर रेल्वेच्या नकाशावर अगदी मधोमध आहे. कलकत्त्याकडून आलेली लाइन आणि मुंबईकडून आलेली लाइन 1870 साली इथे जुळली. हावडा-मुंबई मेल अजूनही इथून जाते. माझं आयुष्य याच गाडीच्या दोन दिशांनी गेलं. आधी पूर्वेला, जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्यात एम. ए. करायला. बुद्धदेव बसूंनी 1956 मध्ये सुरू केलेला तो विभाग. तिथे एक सवय लागली, की कोणताही मजकूर समोर आला तर आधी विचारायचं: हे कोण, कोणाला सांगतंय, आणि कोण ऐकत नाहीये असं गृहीत धरून? मी तिथे पोहोचायच्या वर्षभर आधी, 2 जुलै 1999 ला, कलकत्त्यात पंधराएक जण पिवळे टी-शर्ट घालून रस्त्याने चालले होते. भारतातला तो पहिला प्राइड मोर्चा मानला जातो. कँटीनमध्ये त्याचा विषय निघायचा. मी चहा ढवळत ऐकायचो आणि दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय असा चेहरा करायचो.

मग गाडी उलट दिशेला. 2003 मध्ये मुंबई, सबटायटल्सची नोकरी, डोंबिवलीत एका घरी पेइंग गेस्ट. शनिवारी रात्री कुलाब्यात ताजच्या मागच्या बाजूला, आर्थर बंदर रोडवर 'वूडूज' नावाच्या पबमध्ये 'आपले' लोक जमतात, हे मला एका ओळखीच्याने सांगितलं होतं. दारावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकापासून हे असं तोंडी चालत आलं होतं. पहिल्या शनिवारी मी बडेमियाँपर्यंत गेलो, एक रोल खाल्ला आणि परतीची लोकल पकडली. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी आत गेलो.

आत काय होतं? घाम, धूर, वाजवीपेक्षा जास्त माणसं. जागा अशी देखणी वगैरे नव्हती. हातावर शाईचा शिक्का मारायचे, पुन्हा आत येताना दाखवायला. परतीच्या वाटेवर तो शिक्का थुंकी लावून, रुमालाने घासून काढणं हा माझा दर शनिवारचा शेवटचा विधी. शेवटची लोकल बहुतेक वेळा चुकायची. मग सीएसटीच्या फलाटावर पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट बघत बसायचं, आणि डोंबिवलीच्या काकूंना सांगायला 'ऑफिसात नाइट होती' हे वाक्य तयार ठेवायचं.

तिथला एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, कोणी समजावलाही नाही, तरी सगळ्यांना माहीत होता. आत जे दिसलं ते बाहेर न्यायचं नाही. आडनाव विचारायचं नाही. आडनाव न विचारणारी मी पाहिलेली ती पहिली मराठी-अमराठी जागा. आपल्याकडे 'नाव काय' या प्रश्नाच्या उत्तराने कोणाचं समाधान होत नाही, 'पुढे काय' हे विचारल्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही. तिथे पहिल्या नावावर, तेही बहुधा खोट्या, माणूस पूर्ण होता.

एका सोमवारी संध्याकाळी चर्चगेटला शनिवारचा एक चेहरा समोरून आला. शेजारी बायको, कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी. दोन रात्रींपूर्वी आम्ही तासभर एकमेकांसमोर नाचलो होतो. त्याची नजर माझ्यावरून खांबावरून सरकावी तशी सरकली. माझीही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट दिवसभर बरं वाटत राहिलं. त्याने मला ओळखलं होतं आणि मी त्याला सांभाळलं होतं, एवढं आमच्यात झालं होतं. तुम्ही याला भेकडपणा म्हणू शकता. 2003 साली कलम 377 अंगावर होतं. त्याहून जवळचा धोका होता तो कोणीतरी ओळखून पैसे उकळण्याचा, ऑफिसात एक फोन जाण्याचा. अशा वेळी न ओळखणं ही एकमेकांना दिलेली सोबत होती. तिला आजही मी कमी लेखणार नाही.

याच जागी तो मित्र भेटला. त्याच्याबद्दल इथे जे लिहितोय त्यात दोन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत, कोणत्या ते सांगणार नाही. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. 1995 ते 1997 तो नोकरीसाठी लंडनला होता आणि तिथल्या 'ट्रेड'बद्दल तो लोक काशीबद्दल बोलतात तसं बोलायचा.

ट्रेड म्हणजे क्लर्कनवेल भागातल्या टर्नमिल्स या क्लबात भरणारी गे पार्टी. लॉरेन्स मॅलिसने ती 1990 मध्ये सुरू केली. तिचं वैशिष्ट्य तिच्या वेळेत होतं. शहरातले बाकी क्लब बंद झाले की हा सुरू व्हायचा, रविवारी पहाटे, आणि दुपारपर्यंत चालायचा. क्लबातून बाहेर पडलेल्या पोरांना अंधाऱ्या रस्त्यांवर भटकत मार खायची वेळ येऊ नये, हाही त्यामागे एक विचार होता. संगीताची जात तिथेच घडत गेली. मुळात हाउस आलं शिकागोहून, वेअरहाउस नावाच्या क्लबातून, जिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा आणि नाचणारे बहुतेक काळे गे पुरुष असायचे. लंडनमध्ये त्याचा वेग चढला, मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके, आणि त्यावर व्हॅक्यूम क्लीनर चालू केल्यासारखी एक घरघर, जिला ते लोक हूव्हरच म्हणायचे. याला पुढे हार्ड हाउस नाव पडलं. ढोल-ताशा ऐकत वाढलेल्या माणसाला ते समजायला जड जात नाही. ढोलाचा ठोका पायात जातो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत ताशाची तर्री माणसाला उचलते. इथे त्या पोकळीत बेस असतो, एवढाच फरक.

या संगीताचा तिथला मोठा माणूस टोनी डी व्हिट. बर्मिंगहॅमकडचा. 2 जुलै 1998 ला, चाळीस वर्षांचा असताना, एचआयव्हीशी संबंधित आजाराने तो गेला. मित्राकडे त्याच्या दोन मिक्स सीड्या होत्या, एक तेल अवीवची, एक टोकियोची, आणि ट्रेडमध्ये नाचणाऱ्या कोणीतरी करून दिलेल्या बऱ्याच कॅसेटी. आमच्या मुंबईच्या पार्ट्यांत असलं काही वाजायचं नाही. तिथे थोडं हाउस आणि मग हिंदी, 2005 नंतर तर 'कजरा रे' लागल्याशिवाय लोक घरी जायचे नाहीत. त्यामुळे हार्ड हाउस मी ऐकलं ते मित्राच्या गाडीत, खिडक्या वर करून, वरळी सी फेसला गाडी उभी असताना. तो डोळे मिटून बसायचा. गोळ्यांबद्दलही सांगायचा, त्या घेऊन काय वाटायचं आणि मंगळवारपर्यंत काय व्हायचं तेही. सजवून सांगायचा नाही.

पण तो परत परत सांगायचा ते वेगळंच होतं. रविवारी दुपारी बाराला पायऱ्या चढून बाहेर आलं की ऊन असायचं. गॉगल लावलेली, घामाने भिजलेली पोरं फुटपाथवर उभी, समोर बसची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या बायका, आणि कोणी कोणापासून लपत नाहीये. "अरे, आपल्याला रात्र कोणीही देईल," तो म्हणायचा, "तिथे मला सकाळ मिळाली होती."

1997 मध्ये तो परत आला, लग्न झालं, मुलगी झाली. शनिवारी कधीमधी वूडूजला यायचा. एकदा गाडीतून उतरताना म्हणाला, हे सगळं तुझ्यापाशी राहू दे. मी हो म्हटलं. कोणी मोठी शपथ वगैरे नव्हती. दार उघडता उघडता बोललेलं एक वाक्य आणि त्याला दिलेला एक होकार.

2012 मध्ये तो हृदयविकाराने गेला. तेरावं झाल्यावर वहिनींचा फोन आला. त्यांनी मला घरी बोलावलं आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा पुढे केला. आत कॅसेटी आणि त्या दोन सीड्या. "यांना हे फार आवडायचं, मला काही कळत नाही यातलं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुम्ही भेटायचात कुठे?" मी म्हटलं, फिल्म क्लबात. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. फोटोतला शर्ट मी शनिवारी पाहिलेला होता.

आता प्रश्न असा. कायदा बदलला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 ला 377 चा दंश काढला, 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तो परत बसवला आणि 6 सप्टेंबर 2018 ला स्वतःच काढून टाकला. (2 जुलै ही तारीख या लेखात तिसऱ्यांदा आली. योगायोगाला अर्थ चिकटवायचा मोह मी आवरतोय.) ज्या भीतीपोटी आम्ही गप्प राहायचं ठरवलं, ती भीती कायद्यापुरती तरी गेली. मग तो गप्प राहण्याचा करारही संपला का?

संपला, असं म्हणणं सोपं आहे. संचारबंदी उठली की पास खिशात ठेवायची गरज नसते. पण मी मित्राला हो म्हटलं तेव्हा मी ते कायद्याला म्हटलं नव्हतं. चर्चगेटच्या त्या माणसाने नजर सरकवली ती पोलिसांसाठी नाही, माझ्यासाठी. वचनातून मोकळं करण्याचा अधिकार ज्याला वचन दिलं त्याचाच असतो, आणि मेलेला माणूस मोकळं करू शकत नाही. इथे मामला संपायला हवा.

तो संपत नाही, कारण गप्प राहण्यानेही काहीतरी सांगितलं जातंच. भिंतीवरच्या त्या फोटोची एक गोष्ट आहे: सज्जन माणूस, नोकरी, संसार, इंग्रजी गाण्यांची आवड. ती खोटी नाही. पण रविवारच्या दुपारचं ऊन तिच्यात नाही, आणि मी गप्प राहून तीच गोष्ट पक्की करतो. संगीताचंही असंच झालं. हार्ड हाउस पुढे मोठ्या क्लबांत गेलं, कॉलेजच्या पोरांत गेलं, आणि वाजवणाऱ्या-नाचणाऱ्या पुष्कळांना ते कुठून आलं हे माहीत असायचंही कारण उरलं नाही. पुण्यातला माझा एक भाचा जिममध्ये याच चालीचं काहीतरी लावतो. त्याला मी विचारलं, हे कुठलं? म्हणाला, "मामा, वर्कआउटचं आहे." चूक त्याची नाही. ज्यांना माहीत होतं त्यातले काही त्या साथीत गेले आणि उरलेल्यांतले माझ्यासारखे कितीतरी गप्प बसले.

आईची एक म्हण आहे. माझं लग्न का होत नाही असं गोलबाजारात कोणी विचारलं की ती हसून म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक पुढे विचारत नाहीत. त्या मुठीत काय आहे हे तिला माहीत आहे की नाही, हे मी वीस वर्षांत तिला विचारलेलं नाही. आम्ही दोघं मिळून ती मूठ धरून आहोत.

इथवर मी हा प्रश्न बरेच दिवस घोळवला आणि मला त्यात एक प्रकारचं समाधानही मिळायला लागलं होतं. वचन की इतिहास, मृताचा अधिकार की जिवंतांचा, असा उदात्त पेच. मग एका रात्री डोंबिवलीची ती दुसरी आठवण वर आली, जी मी इंग्रजीतही लिहिली नाही, मित्रालाही सांगितली नाही.

सीएसटीच्या फलाटावर पहाटेच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत आणखी एक जण असायची. ती स्वतःला 'ती' म्हणायची, म्हणून मीही. कल्याणला ब्लाउज शिवायची. शनिवारी शर्ट-पँट घालून यायची, फलाटावर आमचा चहा एकत्र व्हायचा, पैसे आळीपाळीने. मला ती 'जबलपूर' म्हणून हाक मारायची. 2005 च्या पावसाळ्यानंतर उपनगरात एक मोठी पार्टी ठरली, जागा आमच्यासाठी पूर्ण भाड्याने घेतलेली. तिने विचारलं, "जबलपूर, आपलीच पार्टी आहे ना? साडी नेसून आले तर चालेल?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं?" निमंत्रणाची शेवटची ओळ मी वाचली नव्हती, किंवा वाचून विसरलो होतो. बायकांचे कपडे घालून येऊ नये, असं त्यात लिहिलेलं होतं.

ती आली ती मोरपंखी साडीत. ब्लाउज अर्थातच स्वतः शिवलेला, बाह्यांना बारीक पायपिंग. दारावरच्या मुलाने अडवलं. आवाज चढवला नाही, अगदी समजुतीने सांगितलं, कपडे बदलून या, मग सोडतो. कल्याणहून आलेल्या माणसाने कुठे जाऊन कपडे बदलायचे? तिने आत नजर टाकली. मी दाराच्या आत चार पावलांवर उभा होतो, हातावर शिक्का होता, शाई ओली होती. तिने मला हाक मारली नाही. फक्त पाहिलं. मी चर्चगेटला नजर सरकवली होती तशीच नजर सरकवली आणि आत गेलो. त्या रात्री मी पार्टी संपेपर्यंत नाचलो. पहाटे फलाटावर ती नव्हती. पुढच्या शनिवारीही नव्हती.

त्या नियमाला कारण होतं. त्याच ऑगस्टपासून महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलिस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद केले होते. हजारो बायकांचं काम गेलं होतं, तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं मात्र वगळलेली. (उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.) साडीतलं कोणी दारात दिसलं तर पोलिस येतील, मालक परत जागा देणार नाही, अशी भीती होती आणि ती काल्पनिक नव्हती. पण भीती सगळ्यांची होती, आणि तिची किंमत चुकवायला एकटी साडीवाली होती. शर्ट-पँटमधले आम्ही आत होतो.

मला जास्त बोचतं ते जबलपूरमुळे. आमच्याकडून नव्वद किलोमीटरवर कटनी. 2000 च्या सुमारास कटनीच्या लोकांनी कमला जान या हिजड्याला महापौर केलं. शहडोलकडच्या सोहागपूरने शबनम मौसीला आमदार करून भोपाळला पाठवलं. कमला जानची निवड पुढे कोर्टाने रद्द केली, जागा स्त्रियांसाठी राखीव आणि ही स्त्री नव्हे म्हणून. तरी निवडून तर दिलं होतं. मुंबईत मी ही गोष्ट कौतुकाने सांगायचो, आमचं मागासलेलं महाकोशल बघा म्हणून. सांगून टाळ्या घ्यायचो. कटनीने ज्यांना नगरपालिकेत बसवलं, त्यांच्यातल्याच एकीला मी नाचायच्या खोलीतसुद्धा येऊ दिलं नाही.

इंग्रजी लेखात हे का आलं नाही? तिथे बडेमियाँचा रोल आहे, शिक्का आहे, आडनाव नसलेली नावं आहेत. चोरून मिळवलेला आनंद आहे, आणि तो वाचकांना आवडला. दाराची गोष्ट गाळताना मी स्वतःला सांगितलं की ती दुसऱ्याची आहे, आपल्याला ती सांगायचा हक्क नाही. आत जे दिसलं ते बाहेर न्यायचं नाही. पण ती घटना आत घडलेलीच नव्हती. ती दारात घडली. आमच्या नियमाने ज्यांना राखायचं ठरवलं होतं त्यांत ती कधी नव्हतीच, तिला आम्ही नियमाच्या बाहेरच उभं केलं होतं. तिच्याबद्दल गप्प राहून मी राखलं ते मला.

अनुवाद करताना एक चूक माझ्या हातून वारंवार होते. मुळातलं एखादं वाक्य अडचणीचं असलं की मी ते नेमकं विसरतो, आणि संपादकाने दाखवेपर्यंत मला ते गाळल्याचं खरंच कळत नाही. आठवणीत संपादक नसतो.

म्हणून आता गुपितं वेगवेगळ्या पिशव्यांत घालतोय. चर्चगेटच्या माणसाचं गुपित त्याचं. त्याबद्दल मी इथे जे लिहिलं त्यातून त्याला त्याची बायकोसुद्धा ओळखणार नाही, आणि याहून जास्त मी कोणालाही सांगणार नाही. कायदा काहीही म्हणो. दाराची गोष्ट माझी आहे, तिच्यात जो उघडा पडतो तो मी. ती सांगायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त उशीर झालाय. ती आज भेटली तर तिला हे वाचून काय वाटेल, राग येईल की हसू, हे मात्र मी ठरवू शकत नाही. मित्राचा डबा मधेच कुठेतरी अडकलाय. वहिनींना विचारल्याशिवाय तो त्या मुलीला दाखवायचा नाही, एवढं ठरवलंय. पण वहिनींना विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं, ते वाक्य मला अजून कोणत्याच भाषेत जमलेलं नाही. दोनदा फोन लावून कापला. त्यांना सगळं माहीत असण्याची शक्यता आहे. 'तुम्ही भेटायचात कुठे' हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला तो आवाज मी अनेकदा आठवून पाहिलाय. कधी वाटतं त्या उत्तर मागत होत्या. कधी वाटतं मला सांगून मोकळं व्हायची संधी देत होत्या, आणि मी फिल्म क्लब म्हणालो.

हे मराठीत लिहितोय यालाही कारण आहे. इंग्रजीत लिहिलेलं आमच्या घरात येऊन पडतं आणि पडून राहतं. मराठीतलं आई वाचते, चष्मा पुसून, जाहिरातींसकट. या नियतकालिकाचा मराठी विभाग ती आधी उघडते आणि माझं नाव नसलं तर बाजूला ठेवते.

गेल्या आठवड्यात त्या मुलीला फोन करून म्हटलं, रविवारी ये, परवा थोडं कमी सांगितलं होतं. मग आईजवळ जाऊन बसलो. मटारांचं पोतं तळाला आलं होतं. मी चार शेंगा उचलल्या आणि सोलता सोलता म्हटलं, "रविवारी ती मुलगी परत येणार आहे. माझ्या मुंबईच्या दिवसांबद्दल विचारणार आहे. तुला ऐकायचं असेल तर बाहेर येऊन बस."

आई म्हणाली, "आतून ऐकू येतंच की रे मला सगळं." मग परात माझ्याकडे सरकवत, "मटार आणखी दोन किलो आण. करंज्या करू, पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा नुसत्या चहावर पाठवलीस तू तिला."

मी पिशवी घेऊन निघालो.